हाळी न देता: रेडफर्डचं प्रकरण, २० मे १९९७

टेक्सासच्या पश्चिम टोकाला, रिओ ग्रांडे नदीच्या काठावर रेडफर्ड नावाचं गाव आहे. तेव्हा गावात जेमतेम शंभर माणसं होती. जुनं स्पॅनिश नाव एल पोल्वो, म्हणजे धुरळा. मातीच्या विटांची घरं, नदीच्या पाण्यावर भिजणारी थोडी शेती आणि पाठीमागे काटेरी झुडपांचा उघडाबोडका माळ. नदी ओलांडली की मेक्सिको. पाणी उतरलं की ती चालतही ओलांडता येते, आणि गावातल्या निम्म्याअधिक घरांची सोयरीक पलीकडे. जवळचं मोठं गाव प्रेसिडिओ. ते सोळा मैलांवर, नदीच्या वरच्या अंगाला.

या गावात एसेकिएल हर्नांडेझ नावाचा पोरगा शेळ्या राखायचा. प्रेसिडिओच्या शाळेत दहावीत होता. शाळेतून आला की तीसचाळीस शेळ्या घेऊन नदीकडे जायचा आणि बरोबर पॉइंट बावीसची जुनी रायफल असायची. कोयोट, मोकाट कुत्री शेळ्यांवर येतात म्हणून. कधी रिकाम्या डब्यावर नेम धरायचा, कधी नुसताच हवेत बार. १४ मे १९९७ ला तो अठरा वर्षांचा झाला. सहा दिवसांनी, २० मे रोजी संध्याकाळी, गावापासून हाकेच्या अंतरावर अमेरिकी मरीन सैनिकाच्या एका गोळीने तो मेला. देशातच, देशाच्याच लष्कराकडून सामान्य नागरिक मारला जाण्याची १९७० च्या केंट स्टेट विद्यापीठातल्या गोळीबारानंतरची ही पहिली घटना, असं तेव्हा बातम्यांतून वारंवार लिहिलं गेलं.

हे प्रकरण बहुधा 'लष्कराने मुलगा मारला' या एका ओळीत सांगितलं जातं. ती ओळ खरीच आहे. पण सीमेवरचा रहिवासी, त्याच्या खांद्यावरची बंदूक आणि त्याच माळावर गस्त घालणारा सरकारी माणूस यांची गाठ पडते तेव्हा नेमकं काय होतं, हे त्या ओळीतून कळत नाही. ते कळायला मे महिन्याच्या आधीची एक रात्र पाहावी लागते.

फेब्रुवारीतली रात्र

त्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या सुमाराला सीमा गस्ती दलाचे दोन एजंट रात्री नदीकाठी थांबले होते. अंधारातून त्यांच्या दिशेने बंदुकीचे बार झाले. ते गाडी घेऊन निघाले, तर मागून एक ट्रक आला. चालवणारा हाच पोरगा. त्याने स्वतः येऊन सांगितलं की माफ करा, मला वाटलं कोणीतरी माझ्या शेळ्यांच्या मागे लागलंय, तुम्ही तिथे आहात हे ठाऊक नव्हतं. एजंटांनी त्याला समज दिली की रात्रीच्या वेळी बंदूक जरा जपून चालव. तो घरी गेला, तेही गेले.

या भेटीत काय काय घडलं ते मोजून घेतलं पाहिजे. गोळ्या खरोखर सरकारी माणसांच्या दिशेने गेल्या होत्या. त्या माणसांजवळ शस्त्रं होती, आणि कायद्याने त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं तरी बचावाची बाजू मांडता आली असती. तरी कोणी मेलं नाही. कारण गोळी झाडणारा समोर आला, बोलला. आणि ऐकणाऱ्यांना शेळ्या राखणारं पोर कसं दिसतं, कसं बोलतं हे माहीत होतं. ते एजंट त्याच मुलखात राहणारे होते, तिथल्या धाब्यावर जेवणारे, तिथल्या माणसांची भाषा बोलणारे.

अमेरिकेचं सीमा गस्ती दल १९२४ साली उभं राहिलं. मातीच्या रस्त्यावरून गाडीला बांधलेले टायर ओढून रस्ता गुळगुळीत करायचा आणि सकाळी त्यावर उमटलेली पावलं वाचायची, ही त्यांची जुनी रीत. आपल्याकडे चोराचा माग काढायचे तसंच. माग काढणाऱ्याला गाव ओळखावंच लागतं: कुणाच्या बुटाचा ठसा, कुणाच्या गाईचा खूर, कुणाची गाडी एका अंगाला झुकून चालते. ही ओळख नसेल तर प्रत्येक पाऊल संशयाचं ठरतं.

कायदाही या दलाला मोकळीक देतो. सीमेपासून पंचवीस मैलांपर्यंत एजंट वॉरंटशिवाय खाजगी जमिनीत शिरू शकतात. फक्त राहत्या घरात नाही. गाड्या थांबवून झडती घेण्याच्या अधिकाराला सरकारी नियमाने शंभर मैलांची हद्द घातली आहे. शिवाय 'उघडं शेत' हे घरासारखं खाजगी मानता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्ये सांगितलं आणि १९८४ मध्ये पुन्हा पक्कं केलं. म्हणजे सीमेवरच्या शेतकऱ्याला आपल्याच माळावर कधी कोण उभं असेल याचा भरवसा नसतो, आणि एजंटालाही समोरून बंदूकधारी माणूस आला तर तो शिकारी, गुराखी की तस्कर, हे क्षणात ठरवावं लागतं. टेक्सासमध्ये खांद्यावर रायफल टाकून आपल्या रानात फिरायला परवाना लागत नाही. हरणाच्या मोसमात तर तो अगदी रोजचा देखावा.

आपल्या कोकणात रानडुक्कर-माकडांपासून राखणीसाठी बंदुकीचा परवाना घेतात आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करतात. बंदूक म्हणजे राखणीचं अवजार, ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. फरक एवढाच की तिकडे सरकारदरबारी तिची नोंद नसते, म्हणून कुणाच्या हातात ती का आहे हे फक्त शेजाऱ्यांना ठाऊक असतं.

मे महिन्यात आलेले चौघे

अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत लष्कराची मदत घ्यायची म्हणून १९८९ मध्ये एल पासोजवळच्या फोर्ट ब्लिस इथे 'जॉइंट टास्क फोर्स ६' स्थापन झाली. लष्कराने देशातल्या पोलिसांचं काम करू नये यासाठी १८७८ चा पॉसी कोमिटेटस कायदा आहे. पण १९८१ पासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यात वाटा काढल्या: अटक आणि झडती सैनिकांनी करायची नाही, टेहळणी करून खबर मात्र द्यायची. रेडफर्डला आलेली तुकडी याच टेहळणीसाठी होती. कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनचे चार मरीन; तुकडीप्रमुख बावीस वर्षांचा कॉर्पोरल. मूळचे ते तोफखान्याचे. सीमा गस्ती दलाच्या मार्फा विभागाने मागितलेलं हे काम होतं. दिवसा लपायचं, रात्री नदीच्या उतारावर नजर ठेवायची, कुणी दिसलं तर वायरलेसवरून एजंटांना कळवायचं.

लपण्यासाठी त्यांच्या अंगावर गिली सूट होता. गोणपाटाच्या चिंध्या, दोऱ्या, गवत बांधलेला तो पोशाख घालून माणूस झुडपात बसला की दहा पावलांवरूनही दिसत नाही. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो. गावात कुणालाही सांगितलं गेलं नव्हतं की माळावर सैनिक आहेत. सैनिकांना मात्र गावाबद्दल सांगितलं होतं: हा तस्करीचा मार्ग आहे, लोक यात गुंतलेले आहेत, तस्करांचे हत्यारबंद टेहळे पुढे चालतात. फेब्रुवारीत एजंटांच्या दिशेने गोळ्या सुटल्या आणि त्या शेळ्या राखणाऱ्या पोराच्या होत्या, ही हकिकत त्यांच्या कानावर गेलेली नव्हती.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. गोळीबाराची चर्चा पुष्कळ झाली, पण एका साध्या निरोपाची किंमत कुणी मोजली नाही. 'नदीकडच्या वाटेवर संध्याकाळी एक पोरगा शेळ्या घेऊन येतो, त्याच्याकडे बंदूक असते' हे वाक्य मार्फाच्या ऑफिसातून निघून चार माणसांपर्यंत पोचायला हवं होतं, एवढंच.

बावीस मिनिटं

२० मे. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. मे महिन्यात तिकडे त्या वेळी लख्ख ऊन असतं. शेळ्या पुढे, मागे एसेकिएल. चौघे मरीन लपण्याच्या जागेतून निघून रात्रीच्या ठाण्याकडे जात होते. मरीन सैनिकांच्या म्हणण्यानुसार ६ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास साधारण दोनशे यार्डांवरून त्याने त्यांच्या दिशेने दोन गोळ्या झाडल्या. त्याने काय पाहिलं असेल? हललेलं झुडूप? कोयोट? की नुसताच डब्यावर नेम? तो सांगायला उरला नाही. पण गिली सूट घातलेला माणूस दोनशे यार्डांवरून माणूस म्हणून ओळखू येतो, असं म्हणणं मला तरी अवघड वाटतं. तो पोशाख नेमका याचसाठी शिवलेला असतो.

सैनिकांनी वायरलेसवर कळवलं की आमच्यावर गोळीबार झाला आहे. पलीकडून उत्तर देण्याची मुभा मिळाली. इथवरचं सगळं स्वसंरक्षण म्हणून समजून घेता येतं. कुठून तरी गोळी आली, बसलात, आडोसा घेतलात, कळवलंत.

पुढची वीस मिनिटं मात्र वेगळी आहेत. पोरगा शेळ्यांमागून चालत राहिला आणि चौघे झुडपाआडून समांतर त्याच्याबरोबर सरकत राहिले. त्यांच्या आणि त्याच्यामधलं अंतर वाढायला हवं होतं, कारण त्यांचं काम फक्त बघायचं होतं. ते वाढू दिलं गेलं नाही. एवढ्या वेळात कुणीही आपण कोण आहोत हे सांगितलं नाही. 'थांब', 'आम्ही अमेरिकी सैनिक आहोत', 'बंदूक खाली ठेव' यापैकी एकही शब्द नाही. टेहळणीचं कामच गुप्त, आवाज केला की जागा उघडी पडते, असा त्यांचा विचार. गाव इतकं जवळ होतं की ओरडलं असतं तर घरी ऐकू गेलं असतं.

६ वाजून २७ मिनिटांनी कॉर्पोरलने एम-१६ मधून एक गोळी झाडली. मुलगा तुकडीतल्या दुसऱ्या मरीनवर रायफल रोखत होता, म्हणून मारला, असं कॉर्पोरलचं म्हणणं. गोळी एसेकिएलच्या उजव्या कुशीत, काखेखाली शिरली. शवविच्छेदनातून वादाला तोंड फुटलं ते इथेच. तो उजव्या हाताने बंदूक धरायचा. उजव्या हाताने बंदूक खांद्याला लावून समोर नेम धरणाऱ्याचं डावं अंग पुढे येतं, उजवं नाही. तो त्यांच्याकडे तोंड करून उभा नव्हता, असा निष्कर्ष तपास करणाऱ्या टेक्सास रेंजर्सच्या, म्हणजे राज्याच्या तपास पोलिसांच्या, मनात तेव्हापासून घट्ट बसला. मरीनच्या बाजूने सांगितलं गेलं की माणूस हलता असतो, रोखतानाही अंग वळतं. दोन्ही बाजूंनी शास्त्रच सांगितलं गेलं, आणि शास्त्राने काही मिटलं नाही.

एका जुन्या पडक्या विहिरीपाशी तो कोसळला. सैनिकांनी त्याच्यावर प्रथमोपचार केले नाहीत. सीमा गस्ती दलाची माणसं येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. रक्तस्राव आतल्या आत होत होता. ज्या घरातून तो निघाला होता ते तिथून दिसत होतं.

ज्युरी, अहवाल, नुकसानभरपाई

ऑगस्ट १९९७ मध्ये प्रेसिडिओ काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) कॉर्पोरलवर आरोप ठेवायला नकार दिला. ज्युरीतल्या काहींचे सीमा गस्ती दलाशी संबंध असल्याची तक्रार गावाने तेव्हाच केली. पण एवढ्या विरळ वस्तीच्या काउंटीत, जिथे पगाराची नोकरी म्हणजे शाळा, काउंटी किंवा गस्ती दल, तिथे संबंध नसलेली माणसं आणायची तरी कुठून? १९९८ मध्ये नागरी हक्कांच्या अंगाने फेडरल, म्हणजे केंद्राची, ग्रँड ज्युरी बसली, तिनेही आरोप ठेवले नाहीत. त्याच उन्हाळ्यात काउंटीच्या दुसऱ्या ग्रँड ज्युरीने पुन्हा तोच निकाल दिला. त्याच वर्षी सरकारने कुटुंबाला १९ लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला. चूक मान्य केली नाही.

मरीन दलाच्या बाजूने निवृत्त मेजर जनरल जॉन कॉइन यांनी चौकशी केली. त्यांच्या अहवालात अशा कामासाठी या सैनिकांना दिलेलं प्रशिक्षण अपुरं होतं, असा ठपका आहे. काँग्रेसमध्ये टेक्सासचे प्रतिनिधी लमार स्मिथ यांच्या समितीने नोव्हेंबर १९९८ मध्ये वेगळा अहवाल दिला. तो जास्त कडक आहे. संरक्षण आणि न्याय या दोन्ही खात्यांनी तयारीत कसूर केली आणि राज्याच्या तपासाला सहकार्य केलं नाही, असं त्यात म्हटलं आहे. या चौकशांमध्ये फेब्रुवारीतल्या रात्रीचीही हकिकत आली. स्मिथ हे रिपब्लिकन पक्षाचे, सीमेवर कडक पहारा हवा या मताचे; म्हणून त्यांच्या शब्दांना वजन होतं.

गाव गप्प बसलं नाही. गावातला इतिहास अभ्यासक एन्रिके माद्रिद आणि निवृत्त एपिस्कोपल पाद्री मेल्विन ला फॉलेट यांच्यासारखी माणसं पुढे आली, न्यायासाठी नागरिक समिती झाली, वॉशिंग्टनपर्यंत फेऱ्या झाल्या. मागणी साधी होती: सैनिक परत न्या. ती मात्र मान्य झाली. जुलै १९९७ मध्ये संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांनी सीमेवरच्या सशस्त्र जमिनी टेहळण्या थांबवल्या आणि जानेवारी १९९९ पासून नियम केला की अशा कामासाठी सैनिक पाठवायचे तर संरक्षण खात्याच्या वरिष्ठांची खास मंजुरी लागेल. ही गोष्ट लहान नाही. शंभर माणसांच्या गावाने जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराला माळावरून हलवलं.

कॉर्पोरलच्या बाबतीत मला लिहायचं आहे ते थोडकं. तोही कोवळाच, बावीसचा होता, तोही स्पॅनिश आडनावाचा. त्याला खलनायक करून टाकलं की प्रकरण सोपं होतं आणि मार्फाच्या ऑफिसातला न गेलेला निरोप विसरला जातो. पण त्याला फक्त हुकुमाचा धनी म्हणूनही सोडता येत नाही. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. एवढ्या वेळात माणूस विचार करतो, करू शकतो.

फेब्रुवारी आणि मे यांच्यामधला फरक शेवटी हाळीचा आहे. खेड्यात रात्री शेताच्या वाटेने जाताना माणूस 'कोण हाय?' अशी हाळी देतो. पलीकडून नाव येतं, मग दोघे सैल होतात. बंदूक असलेल्याने हाळी आधी द्यायची, ही शिकाऱ्यांचीही रीत. रानात एकमेकांच्या गोळीला माणूस बळी पडू नये म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं. म्हणजे शिकारी दिसायचं ठरवतो. गिली सूट घातलेला सैनिक न दिसायचं ठरवतो. हे दोघे एकाच माळावर आणले तर दिसणाऱ्यालाच गोळी लागणार, हे सांगायला लष्करी तज्ज्ञ लागत नाही.

त्यानंतर

१९९९ च्या नियमानंतर लष्कर सीमेवरून कायमचं गेलं नाही. २००६ मध्ये नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्यांच्या राखीव लष्कराचे, सहा हजार जवान आले. त्यांना कुंपण-रस्ते बांधणी, कॅमेरे आणि कागदी कामं दिली. २००३ पासून सीमा गस्ती दल न्याय खात्यातून नव्या अंतर्गत सुरक्षा खात्यात गेलं आणि पुढच्या काही वर्षांत त्याचं मनुष्यबळ दुपटीच्या आसपास वाढलं. माणसं वाढली की नवी माणसं वाढतात, आणि नवा एजंट म्हणजे कुणाची शेळी कुणाची हे न जाणणारा. रेडफर्डसारख्या गावांतला जुना तक्रारीचा सूर तोच आहे: पूर्वीचे एजंट हात वर करून नाव घेऊन बोलायचे, आता काचा वर असतात.

एप्रिल २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या सीमेलगतची सुमारे १ लाख १० हजार एकर सरकारी जमीन लष्कराच्या ताब्यात दिली गेली. तिला 'राष्ट्रीय संरक्षण क्षेत्र' म्हणतात. तिथे शिरणाऱ्याला सैनिक तात्पुरतं अडवू शकतात, म्हणजे १९९७ नंतर बंद झालेलं दार दुसऱ्या बाजूने पुन्हा किलकिलं झालं. हा मुलूख रिकामा नाही. गुरं चारायचे परवाने आहेत, हरणं आणि लावे यांची शिकार होते, आणि कॅनडाच्या हद्दीपर्यंत जाणाऱ्या प्रसिद्ध पायवाटेचं दक्षिण टोक याच कोपऱ्यात येतं.

पहिले खटले भरले गेले ते सीमा ओलांडून आलेल्यांवर, लष्करी जागेत विनापरवाना शिरल्याचे. मे महिन्यात तिथल्या फेडरल न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांपैकी अनेक आरोप काढून टाकले. ही जागा लष्कराची आहे हे आरोपींना ठाऊक होतं, असं सरकार दाखवू शकलं नाही. पाट्या लावल्या होत्या, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. पण एवढ्या मोठ्या वाळवंटात पाटी आहे म्हणून समोरच्याने ती वाचलीच असेल, असं न्यायालयाने गृहीत धरायला नकार दिला.